द्राक्षमद्याचा वैद्य

दुधाच्या पिशवीवर छापलेल्या ‘पाश्चरीकृत’ या शब्दामुळे लुई पाश्चर हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे. परंतु ज्या प्रक्रियेला हे नाव मिळाले, ती मुळात दुधासाठी शोधलेली नव्हती. फ्रान्सचे द्राक्षमद्य परदेशी पोहोचेपर्यंत नासत होते आणि त्यामुळे त्या देशाचा निर्यातव्यापार धोक्यात आला होता, त्या संकटातून ती जन्मली. पाश्चरच्या चरित्रातील रेबीजचा अध्याय सर्वांना ठाऊक असतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हा आधीचा अध्याय अधिक उद्बोधक वाटतो.

२७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल येथे पाश्चरचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातील निवृत्त सार्जंट. धंदा कातडी कमावण्याचा. बालपण गेले ते आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी. योगायोग असा की, त्याचा पहिला मोठा शोधही मद्याच्या पिंपांत साचणाऱ्या टार्टार क्षारांशी संबंधित होता. या क्षारांचे काही स्फटिक उजव्या-डाव्या हातांसारखे परस्परांची प्रतिबिंबे असतात, हे त्याने १८४८ मध्ये दाखवले. पुढे लील येथे प्राध्यापक असताना, १८५६ मध्ये, बीटपासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार त्याच्याकडे तक्रार घेऊन आला. पाश्चरने बिघडलेला रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या रसात गोलसर यीस्टपेशी होत्या, बिघडलेल्या रसात काड्यांसारखे निराळेच जीव. आंबणे ही निर्जीव विघटनाची क्रिया आहे, असे लीबिगसारखे थोर रसायनशास्त्रज्ञ त्या काळी मानीत. पाश्चरने ती सजीवांची करणी ठरवली.

१८६० मध्ये फ्रान्सने इंग्लंडशी व्यापारी करार केला आणि तेथील फ्रेंच मद्यावरील जकात उतरली. बाजारपेठ तर खुली झाली. पण माल टिकेना. जकातीची भिंत पाडता येते, पिंपातील नासाडी करारपत्राने थांबत नाही! १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरला या प्रश्नात लक्ष घालण्यास सांगितले. आर्ब्वात त्याने प्रयोगशाळा थाटली; तिची उपकरणे गावातल्याच सुतार-लोहारांनी बनवली. कोणते मद्य आंबट होते, कोणते तेलासारखे चिकट, कोणते कडू. आणि प्रत्येक व्याधीत सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या आकाराचा जंतू सापडे. हवेतील प्राणवायूचे कार्यही त्याने तपासले. काठोकाठ भरून बंद केलेल्या नळीतील मद्य बदलत नाही, अर्धवट भरलेल्या नळीतील मद्याचा मात्र रंग पालटतो, तळाशी गाळ बसतो. मद्य ‘जुने’ होते ते या अल्प प्राणवायूमुळे. तोच अति झाला की शिर्का करणाऱ्या जंतूंचे फावते.

उपाय अगदी साधा निघाला: हवाबंद मद्य थोडा वेळ ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे. अन्न तापवून टिकवण्याची युक्ती आपेरने कितीतरी आधी वापरली होती. पाश्चरचे श्रेय तापवण्यात नाही, का तापवायचे हे सांगण्यात आहे. १८६५ मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंट घेतले आणि नंतर ती सर्वांना खुली केली. शासनाच्या पैशाने मिळवलेले ज्ञान एकाच्या तिजोरीत न जाता प्रत्येक मळेवाल्याच्या हाती पडले, ही बाब मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते. कोणा एका मळेवाल्याला असे संशोधन परवडले नसते, आणि परवडले असते तर त्याने ते शेजाऱ्याला दिले नसते.

तापवल्याने चव जाते, हा आक्षेप अर्थातच आला. पाश्चरने व्यापाऱ्यांचे परीक्षक मंडळ बसवले. मंडळाला बारीकसारीक फरक जाणवू लागले, तेव्हा त्याने एकच मद्य दोन नमुने म्हणून पुढे ठेवले. परीक्षकांना त्यांतही फरक आढळला. जिभेपेक्षा कल्पना अधिक चाखते, हे त्याने ओळखले होते. लांबच्या सफरीवर नौदलाच्या जहाजातूनही तापवलेले मद्य पाठवून त्याची परीक्षा झाली. १८६६ मध्ये त्याचा मद्यावरील ग्रंथ निघाला.

पाश्चरच्या शोधांनी फ्रान्सची १८७१ नंतरची पाच अब्ज फ्रँकची युद्धखंडणी भरून निघाली, असे गौरवाने सांगितले जाते. हा हिशेब मला पटत नाही. त्याच सुमारास फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षवेलींची मुळे पोखरून मळेच्या मळे उजाड केले, आणि तिच्यावर तापवण्याचा काय उपयोग? उंची मद्ये आज सहसा तापवतही नाहीत. स्वच्छता, गाळण आणि गंधकाचा वायू यांवर भागते. पण स्वच्छता कशापासून राखायची, हे त्यानेच दाखवून दिले होते.

१८६८ मध्ये अर्धांगवायूने त्याची डावी बाजू लुळी पडली, तरी काम थांबले नाही. १८७८ मध्ये क्लोद बर्नार हा त्याचा थोर मित्र वारल्यावर त्याची टिपणे प्रसिद्ध झाली. जिवंत यीस्टशिवायही मद्यार्क बनतो, असा त्यांचा रोख होता. पाश्चरने आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यातील काही वेलींवर काचघरे उभारली, घड कापसात गुंडाळले. यीस्टचा स्पर्श न झालेली ती द्राक्षे चिरडली, तरी रस आंबला नाही. वाद मिटल्यासारखा झाला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तला. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीत बुखनरने यीस्ट वाटून पेशीविरहित रस काढला, त्यात साखर घातली, आणि ती आंबली. यीस्ट हवेच, पण ते जिवंत असलेच पाहिजे असे नाही. बर्नारचा तर्क अगदीच पोकळ नव्हता.