इंग्रजीला न घाबरलेला प्राध्यापक

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांना घाबरण्याचं कारण नसतं. ते कोशात सापडतात. छळतात ते चिमुकले शब्द. ‘गिव्ह’ला ‘अप’ चिकटलं की देण्याचं सोडून देणं होतं, ‘इन’ चिकटलं की शरणागती होते आणि ‘अवे’ चिकटलं की एखादं गुपित फुटतं. बँकेतल्या नोकरीत माझी हयात या चिमुकल्यांच्या सहवासात गेली. ‘राइट’ म्हणजे लिहिणं, हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे ते बुडीत धरून खात्यावरून काढलं, मालमत्ता ‘राइट डाउन’ केली म्हणजे हिशेबात तिची किंमत उतरवली, आणि ‘राइट बॅक’ म्हणजे बाजूला काढलेली तरतूद परत उत्पन्नात घेतली. याचं मराठी करायची वेळ आली की आमच्या टेबलावरचे भलेभले चष्मे पुसत बसायचे.

निवृत्तीनंतर भाषेवरची पुस्तकं चाळताना प्रागच्या एका प्राध्यापकाची गाठ पडली आणि या कोड्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. त्यांचं नाव विलेम मातेझियस.

जन्म 3 ऑगस्ट 1882, बोहेमियातल्या पार्दुबित्से गावी. योगायोग असा की त्याच वर्षी प्रागच्या जुन्या विद्यापीठाची वाटणी होऊन चेक आणि जर्मन अशी दोन वेगळी विद्यापीठं झाली. राज्य ऑस्ट्रियाचं होतं. कचेऱ्यांत आणि वरच्या वर्तुळात जर्मनचा दबदबा होता. आपली भाषा ज्ञानाच्या कामाची आहे, हे चेक माणसाला रोज नव्यानं सिद्ध करावं लागे. अशा वातावरणात हा तरुण जर्मन आणि फ्रेंच शिकून इंग्रजीकडे वळला, आणि 1912 मध्ये प्रागच्या चेक विद्यापीठात इंग्रजीचा पहिला प्राध्यापक झाला.

त्याआधीच, 1911 मध्ये, त्यानं एका विद्वत्सभेत निबंध वाचला होता. त्या काळी भाषेचा अभ्यास म्हणजे शब्दांची वंशावळ शोधणं. मातेझियसांचा आग्रह होता की भाषा आज, बोलणाऱ्यांच्या तोंडी, कशी चालते तेही पाहा. पुढे सोस्यूरच्या 1916 च्या पुस्तकानं हा विचार जगभर पोचवला. प्रागचा निबंध चेकमध्ये होता, त्यामुळे तो फार थोड्यांनी वाचला. लहान भाषेत लिहिणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मग चाळिशीच्या सुमारास आघात झाला. डोळे गेले. ज्याचा सारा संसार छापील अक्षरांत, त्याला वाचता येईना. दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. मातेझियसांनी विद्यार्थ्यांना वाचून दाखवायला बसवलं, ऐकलेलं मनात साठवलं आणि शिकवणं चालू ठेवलं. 6 ऑक्टोबर 1926 रोजी त्यांच्या खोलीत सहा जण जमले. एका जर्मन पाहुण्याचं व्याख्यान झालं, चर्चा रंगली, आणि त्यातून ‘प्राग भाषाशास्त्र मंडळ’ उभं राहिलं. त्या सहांत रोमान याकोबसन होते. पुढे या मंडळाचं नाव जगभर झालं. त्याचा अध्यक्ष होता दृष्टी गमावलेला हा प्राध्यापक.

त्यांची रीत साधी होती. दोन भाषा शेजारी ठेवायच्या आणि विचारायचं, एकच गोष्ट सांगायला ही काय करते आणि ती काय करते? इंग्रजी नामांवर भर देते, चेक क्रियापदांवर. इंग्रज ‘एक नजर घेतो’, चेक माणूस सरळ पाहतो. इंग्रजीत शब्दांचा क्रम व्याकरणानं बांधलेला. चेकमध्ये तो मोकळा, म्हणून ठाऊक असलेलं आधी आणि नवं शेवटी ठेवता येतं. ‘आंबा रामानं खाल्ला’ हे आपण किती सहज म्हणतो! इंग्रजीला त्यासाठी बहुधा कर्मणी प्रयोगाची वळसेदार वाट धरावी लागते.

हीच रीत मी माझ्या बँकेतल्या चिमुकल्यांना लावून पाहिली. इंग्रजी शेपटी लावते, चेक डोकं लावते. आपले संस्कृत उपसर्गच ते! ‘हार’च्या आधी आ, वि, प्र, सं लावले की जेवण, भटकंती, तडाखा आणि नाश असे चार अर्थ निघतात, तसंच. चेकमध्ये ‘प्सात’ म्हणजे लिहिणं. ‘ओप्सात’ नक्कल करणं, ‘पोप्सात’ वर्णन करणं, ‘पोदेप्सात’ सही करणं. आणि ‘राइट ऑफ’? ‘ओदेप्सात’. ‘ओद’ म्हणजे दूर. अगदी चपखल! पण हुरळून जाऊ नये. पत्राला उत्तर लिहिणं म्हणजेही ‘ओदेप्सात’च. इंग्रजीत घरातली साखर बाहेर धावते, चेकमध्ये ती शेवटाला येऊन पोचते, आणि आपल्याकडे नुसती संपते. शिवाय काम पुरं झालं की चालू आहे, हे चेक क्रियापदाला बहुधा स्वतःच्या रूपातच ठरवावं लागतं. आपण ते ‘लिहून टाक’, ‘लिहून काढ’ असं जोडीदार देऊन करतो.

म्हणजे शब्दाला शब्द शोधायचा नाही, कामाला काम शोधायचं. मातेझियसांनी 1913 मध्ये अनुवादावर लिहिताना हेच धरून ठेवलं होतं: साधनं वेगळी असोत, वाचकावरचा परिणाम तोच हवा. 1936 मध्ये त्यांनी सामान्य चेक वाचकासाठी इंग्रजीवर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच होतं ‘इंग्रजीला घाबरू नका’.

मार्च 1939 मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. याकोबसनना देश सोडावा लागला. 17 नोव्हेंबर 1939 ला चेक विद्यापीठं बंद झाली. वर्ग गेला, विद्यार्थी गेले. त्या अंधारात या अंध माणसानं आपल्या भूमीनं युरोपला आणि मानवजातीला काय दिलं, याचा जाडजूड ग्रंथ अनेकांकडून लिहवून घेऊन संपादित केला. हातात शस्त्र नसलेल्या प्राध्यापकाचा तो प्रतिकार होता.

12 एप्रिल 1945 रोजी ते गेले. प्राग मोकळं व्हायला महिनाही उरला नव्हता.

त्यांच्या इंग्रजीवरच्या व्याख्यानांचं पुस्तक त्यांच्या हयातीत निघालंच नाही. योसेफ वाखेक या शिष्यानं ते सिद्ध करून 1961 मध्ये चेकमध्ये छापलं. 1975 मध्ये ते इंग्रजीत आलं. इंग्रजीचं चेक नजरेतून केलेलं हे निरीक्षण इंग्रजी वाचकापर्यंत पोचायला, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षं लागली. पण ते पोचलं. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर बुडीत धरलेलं येणं व्याजासकट जमा झालं.