शेणकिड्याचा चरित्रकार : झां आंरी फाब्र

पावसाळ्याच्या तोंडी गायरानात शेणाची गोळी मागल्या पायांनी ढकलीत उलटा चालणारा काळा भुंगेरा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या भूमध्य सागराकाठच्या एका भाऊबंदास लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली ‘स्कॅरॅबियस सेसर’, म्हणजे पवित्र भुंगेरा, असे नाव दिले. कारण प्राचीन मिसरी लोक त्याला सूर्यदेवाचे प्रतीक मानीत. अशा रीतीने कोष्टकात त्याला जागा मिळाली. त्याचा संसार समजून घेण्यास मात्र एक गरीब शाळामास्तर जन्मास यावा लागला.

झां आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ च्या डिसेंबरात दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यात झाला. वडिलांचा धंदा बुडाल्यामुळे या मुलाने जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते अध्यापनशाळेत शिकले व १८४२ साली कार्पांत्रा येथे शिक्षक झाले. आव्हिन्याँस असताना मंजिष्ठेपासून शुद्ध रंग काढण्यात त्यांनी कित्येक वर्षे वेचली. तोच १८६९ साली जर्मन रसायनज्ञांनी तो रंग कृत्रिम रीतीने बनविला आणि सारी आशा मावळली. मुलींसमोर फुलांच्या फलनाविषयी व्याख्यान दिले म्हणून गावात गिल्ला झाला, व १८७० साली त्यांना बिऱ्हाड मोडावे लागले. त्या संकटात जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने उसने पैसे दिले.

१८७७ साली त्यांचा लाडका मुलगा झ्यूल वारला. कीटक हुडकण्यात हाच त्यांचा सोबती होता. नुसत्या नावांच्या याद्या करणाऱ्यांचे फाब्रना कधीच कौतुक नव्हते. तरी तीन गांधीलमाश्यांना त्यांनी या मुलाचे नाव दिले.

१८७९ साली त्यांनी सेरिन्याँ येथे दगडधोंड्यांची एक पडीक जमीन घेतली, आणि तेथे भुंगेऱ्याचे कोडे सुटले. गडगडत नेलेल्या गोळीत अंडे असते, असा तोवरचा समज होता. फाब्रनी कितीतरी गोळ्या फोडल्या. अंडे एकीतही नव्हते. ती होती निव्वळ शिदोरी! एके दिवशी एका धनगराच्या पोराने बिळातून निघालेला पेअर फळाच्या आकाराचा एक सुबक गोळा आणून दिला. अंडे होते त्याच्या निमुळत्या मानेत. पोटाचा फुगीर भाग अन्न ओले राखतो आणि मानेतील अंड्याला हवा मिळते. ही हकीगत १८९७ साली, त्यांच्या दहाखंडी ग्रंथाच्या पाचव्या खंडात, प्रसिद्ध झाली.

उत्क्रांतिवाद त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. ही उणीवच म्हणावी लागेल. तथापि खुद्द डार्विनने त्यांच्या निरीक्षणाची थोरवी मानली होती.

लिनियसच्या काळी ‘स्कॅरॅबियस’ या वंशात नाना तऱ्हेचे भुंगेरे कोंबलेले होते. पुढे तो गोळी लोटणाऱ्यांपुरता उरला. या भुंगेऱ्यांच्या पुढच्या पायांना पाऊलच नसते, ही त्यांची ठळक खूण. आणि गंमत अशी की, फाब्रनी पाहिलेले भुंगेरे बहुतांशी ‘सेसर’ नसून त्याच वंशातील ‘टायफॉन’ जातीचे असावेत, असे पुढील काही अभ्यासकांचे मत आहे. हा वाद ऐकण्यास फाब्र हयात नव्हते. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी सेरिन्याँ येथेच त्यांचे देहावसान झाले.