एका चुलीची शाळा

रोवणीच्या दिवसांत आमच्या चोरखमाऱ्याला बांदीत उतरलेल्या बायांची ओळ पाहावी. कोणाचा हात चलाख, कोणाचा संथ. पण ओळ एकच. पुढची फार पुढे जात नाही आणि मागे राहिलेलीला कोणी टाकून देत नाही, कारण दिवस मावळायच्या आत बांदी उरकायची, हे सर्वांनाच ठाऊक असते. माझी आई त्या ओळीत वाकली म्हणून मी आज कॉलेजात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र वाचताना सातारा मला दूरचा वाटला नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. एकदा ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला. मॅट्रिकपर्यंत मात्र त्यांची मजल गेली नाही. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान यांची गाठ किती घट्ट आहे, हे या भटकंतीत त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली व तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मराठा, मुसलमान, जैन आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले येथे एका छपराखाली राहत व एका पंगतीत जेवत.

ही मुले घरून निरनिराळे संस्कार घेऊन आलेली होती. केवळ व्याख्याने ऐकवून ती एक झाली असती काय? भाऊरावांनी त्यांच्यापुढे एकच ध्येय ठेवले : शिकायचे, आणि ते स्वतःच्या घामावर शिकायचे. दारोदार जाऊन मूठमूठ धान्य आणणे, स्वयंपाक करणे, शेतात राबणे ही कामे सर्वांच्या वाट्याला सारखीच आली. ज्याच्या शेजारी उन्हात कुदळ चालवली, त्याच्या हातची भाकरी नाकारायला जागाच उरली नाही. आधी काम एक झाले, मग मने एक झाली आणि त्यातून अभ्यासही एकमेकांच्या आधाराने होऊ लागला, असे मला वाटते.

परंतु या चुलीचा भार सर्वांवर सारखा नव्हता. वसतिगृहात धान्य नसे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना दिला. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. पुस्तकांत त्यांच्या वाट्याला चारदोन ओळी येतात. ध्येय सर्वांचे असते, पण ते जगवताना कोणीतरी आपल्या वाट्याहून अधिक देत असते, हे आपण विसरू नये.

संस्था वाढतच गेली. १९३५ साली शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली साताऱ्यालाच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा भाऊराव पुन्हा रयतेच्या दारी गेले. रयतेने शाळा आपली मानली होती, म्हणून संस्था त्या संकटातून तरली. पुढे अनुदानही सुरू झाले. १९५९ साली पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान त्यांना मिळाले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्रभर पसरल्या आहेत.

मित्रमैत्रिणींनो, एक कबुली देते. पहिल्या वर्षाला मी माझी टिपणे कोणाला दाखवत नसे. कष्टाने मिळवलेले आपणच जपावे, पुढे जायचे तर एकटीनेच जावे, असे वाटे. हे चरित्र वाचल्यावर माझी मलाच लाज वाटली. आता बसची वाट पाहताना आम्ही तिघी एका वहीतून वाचतो. एकीला न कळलेले दुसरी सांगते आणि सांगता सांगता तिलाही ते नीट उमगते. आईला हे सांगितले तेव्हा तिला त्यात काही नवल वाटले नाही. रोवणी अशीच करतात, एवढेच ती म्हणाली.

— बी. ए. भाग २