शब्दांना साक्षीस बोलावणारा इतिहासकार : वि. का. राजवाडे

गणेशमूर्तींमुळे जोहे गाव आपणांस परिचित असेल. त्याच पेण तालुक्यातील वरसई येथे १८६३ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. दप्तरे शोधीत ते गावोगाव हिंडले व मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्यांनी प्रसिद्ध केले. कागद जेथे मिळेना, तेथे त्यांनी ग्रामनामे, आडनावे व धातू तपासले. पिंपळगावातील पिंपळ केव्हाच पडलेला असतो. नावात तो उभाच असतो. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांना ओढूनताणून केलेल्या वाटल्या, आणि ते आपणही मान्य करावे. १९२६ मध्ये धुळे येथे त्यांचे निधन झाले. धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात छापले गेले.