पॉल रोबसन: नुसते गाण्यास नकार देणारा गायक

कलाकाराने कला करावी, खेळाडूने खेळावे, इंजिनिअरने आपला कोड लिहावा. अन्याय, वर्ण, जात हे विषय कामाच्या ठिकाणी आणू नयेत. सिनेमा, संगीत, जाहिरात, आयटी अशा क्षेत्रांत गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा सल्ला कधी प्रेमाने, तर कधी धमकावून दिला जातो. युवक शिबिरांत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, बोललो तर काम जाईल का? खोटा धीर द्यायचा नसेल तर अशा वेळी पॉल रोबसन यांचे आयुष्य सांगावे. काम जाऊ शकते. त्यांचे गेले.

९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील प्रिन्स्टन गावी त्यांचा जन्म झाला. वडील विल्यम रोबसन गुलामगिरीत जन्मलेले. नॉर्थ कॅरोलिनातील मळ्यावरून ते किशोरवयातच पळाले, शिकले, पाद्री झाले. पुढे चर्चमधील वरिष्ठांशी वाद होऊन त्यांचे ते पद गेले आणि पोट भरण्यासाठी त्यांनी घोडागाडी हाकली, लोकांच्या घरची राख उचलली. पॉल सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा घरात भाजून आईचा मृत्यू झाला.

१९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्स महाविद्यालयात गेले. फुटबॉलच्या निवड सरावात आपल्याच बाजूच्या गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले. १९१६ मध्ये दक्षिणेतील एका महाविद्यालयाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला, तेव्हा रटगर्सने त्यांनाच बाहेर बसवले. तरीही १९१७ आणि १९१८ अशी दोन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल अमेरिकन’ संघात त्यांचे नाव आले. १९१९ साली वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१६ पर्यंत शिकत होते, तिथूनच १९२३ साली रोबसन यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र फार टिकली नाही. कार्यालयातील गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि त्यांनी ती नोकरी सोडली.

मग ते रंगभूमीवर आले. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी केवळ काळ्या लोकांच्या भक्तिगीतांचा कार्यक्रम केला. गुलामांनी मळ्यावर जपलेली ही गाणी मैफलीच्या मंचावर मानाने आली. १९२८ साली लंडनमध्ये ‘शो बोट’ या संगीतिकेने त्यांना घराघरात पोचवले. १९३० साली तिथेच त्यांनी ऑथेल्लो केला. ही भूमिका तोवर बहुतेक गोरे नट तोंडाला काळे फासून करत आले होते. या सगळ्या काळात रोबसन कलेत राजकारण आणतात अशी ओरड झाली नाही.

१९३५ सालच्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटाचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आफ्रिकेची संस्कृती सन्मानाने दाखवता येईल या आशेने रोबसन यांनी काम स्वीकारले. पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनीही त्यात किरकोळ काम केले होते. पडद्यावर आला तो चित्रपट मात्र ब्रिटिश साम्राज्याचे गुणगान करणारा निघाला. रोबसन यांना त्याची आयुष्यभर लाज वाटली. आता बघा, गोरा साहेब आफ्रिकी माणसावर राज्य करतो हे दाखवणे राजकारण ठरले नाही, ती करमणूक ठरली. राजकारण हा शब्द निघाला तो रोबसन यांनी त्याविरुद्ध तोंड उघडल्यावर.

लंडनमधील वर्षांनी त्यांना घडवले. त्यांनी तिथे आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. पगार तुटलेल्या, भुकेल्या वेल्श खाणकामगारांशी त्यांचे नाते जुळले ते कायमचे. १९३४ च्या अखेरीस ते सोव्हिएत रशियात गेले आणि रंगावरून आपल्याला कुणी हिणवत नाही हे पाहून भारावले. १९३७ मध्ये स्पेनमधील फॅसिझमविरोधी लढ्यासाठी लंडनमध्ये झालेल्या सभेत त्यांनी कलाकाराला बाजू घ्यावीच लागते ही भूमिका उघड मांडली आणि पुढच्याच वर्षी स्पेनला जाऊन ते सैनिकांसमोर गायले. ‘शो बोट’मधील आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे शब्दही त्यांनी बदलले. थकलेल्या हमालाचे रडगाणे होते, ते लढणाऱ्या माणसाचे गाणे झाले.

१९३९ मध्ये ते अमेरिकेत परतले. १९४३ साली ब्रॉडवेवर त्यांच्या ऑथेल्लोचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाचा एवढा मोठा मुक्काम तिथे पूर्वी झाला नव्हता. दौऱ्यावर असताना, काळ्या आणि गोऱ्या प्रेक्षकांना वेगळे बसवतील तिथे प्रयोग करायचा नाही, ही त्यांची अट होती. १९४६ मध्ये काळ्या लोकांच्या झुंडबळींविरुद्ध शिष्टमंडळ घेऊन ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटले. भेट कडवट झाली.

मग शीतयुद्ध सुरू झाले. १९४७ पासून हॉलिवूडमधील लेखक-दिग्दर्शकांची चौकशी झाली, दहा जण तुरुंगात गेले. हीच लाट पुढे प्रयोगशाळांतही शिरली. अणुबॉम्ब तयार करणाऱ्या ओपेनहायमर यांची विश्वासार्हता १९५४ साली चौकशी करून काढून घेतली गेली. रोबसन यांच्यावर ती एप्रिल १९४९ मध्ये कोसळली. पॅरिसच्या शांतता परिषदेतील त्यांचे भाषण वृत्तसंस्थेने मोडतोड करून छापले. काळे अमेरिकन रशियाविरुद्ध लढणार नाहीत असे ते म्हणाले, असा त्याचा गवगवा झाला.

इथे सगळ्यात जास्त दुखवणारी गोष्ट घडली. काळ्या समाजातील मोठ्या संघटनांनीच त्यांच्यापासून अंतर राखले. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत तोडणारे जॅकी रॉबिन्सन यांना जुलैमध्ये संसदीय समितीपुढे त्यांच्याविरुद्ध उभे केले गेले. रॉबिन्सन यांनी तिथे वर्णभेदावरही टीका केली होती, पण वर्तमानपत्रांनी ठळक छापले ते रोबसनविरोधी तेवढेच. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी रोबसन यांच्याबद्दल वाढलेला आदर नोंदवला आहे. आपल्यातल्याच एकाला पुढे करून दुसऱ्याला गप्प करण्याची ही पद्धत चळवळीतल्या कोणालाही नवी वाटणार नाही.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल येथे त्यांचा कार्यक्रम जमावाने हल्ला करून उधळला. ४ सप्टेंबरला ते पुन्हा तिथे गेले. कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी मैदानाभोवती साखळी केली आणि हजारो लोकांसमोर ते गायले. कार्यक्रमानंतर परतणाऱ्या बसगाड्यांवर दगडांचा मारा झाला, शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. पोलीस बघत राहिले.

१९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. सभागृहे मिळेनात, दूरचित्रवाणीची दारे बंद झाली, दुकानांतून ध्वनिमुद्रिका गायब झाल्या. १९४७ साली एक लाख डॉलरच्या वर असलेले वार्षिक उत्पन्न काही वर्षांत सहा हजारांच्या आसपास आले. फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात तर १९१८ चा संघ अकराऐवजी दहाच खेळाडूंचा छापला गेला. पासपोर्टच्या खटल्यात सरकारी वकिलांनी दिलेल्या कारणांमध्ये, ते आफ्रिकी वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी अनेक वर्षे झटत आहेत, हेही होते.

गाणे त्यांनी थांबवले नाही. १९५२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर अमेरिकेच्या बाजूला एका ट्रकवर उभे राहून ते गायले आणि पलीकडे हजारो कॅनेडियन ऐकत होते. अटलांटिकच्या तळाशी १९५६ साली टेलिफोनची केबल सुरू झाली. पुढच्या वर्षी तिचाच वापर करून न्यूयॉर्कमधील स्टुडिओतून ते आधी लंडनसाठी आणि ऑक्टोबरमध्ये वेल्समधील खाणकामगारांच्या मेळाव्यासाठी गायले. मंचावर गायक नव्हता, पण कामगारांनी ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या त्या आवाजाला गाऊनच उत्तर दिले.

त्यांची एक चूक मात्र झाकून ठेवता येत नाही. जून १९४९ मध्ये मॉस्कोत त्यांनी आपला मित्र, यिडिश कवी इत्झिक फेफर यांना भेटण्याचा आग्रह धरला. फेफर तेव्हा कैदेत होते, त्यांना भेटीपुरते बाहेर आणले गेले. ज्यूंवर काय बेतले आहे हे रोबसन यांना कळले. मॉस्कोच्या कार्यक्रमात त्यांनी वॉर्सा घेट्टोतील लढवय्यांचे गाणे यिडिशमध्ये गायले, पण अमेरिकेत परतल्यावर तिथे ज्यूंचा छळ होत असल्याचे नाकारले. १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि स्टॅलिनच्या नावाचा शांतता पुरस्कार रोबसन यांनी स्वीकारला. शत्रूच्या हाती कोलीत नको म्हणून ते गप्प राहिले, असे त्यांचे समर्थक सांगतात. मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्या बाजूच्या अन्यायावर गप्प बसण्यासाठी आपणही हेच कारण देतो.

१९५८ साली त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा भारतात झाला. पंतप्रधान नेहरूंनी पाठिंब्याचे निवेदन काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला समितीच्या प्रमुखपदी होते. सोहळा होऊ नये म्हणून अमेरिकी अधिकाऱ्यांनी प्रयत्न करून पाहिले. त्याच वर्षी जूनमध्ये चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारांवरून पासपोर्ट अडवता येणार नाही असा निकाल दिला आणि रोबसन यांचा मार्ग मोकळा झाला.

पण आठ वर्षांनी शरीर आणि मन पोखरले होते. १९६० मध्ये सिडनीत ऑपेरा हाउसच्या अर्धवट बांधकामावर जाऊन ते मजुरांसाठी गायले. १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. लंडनच्या रुग्णालयात त्यांना पुन्हा पुन्हा विजेचे झटके देण्यात आले. १९६३ मध्ये ते मायदेशी परतले आणि हळूहळू सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव १९९५ साली लावण्यात आले. त्यांच्या शेवटच्या हंगामाला तेव्हा ७७ वर्षे उलटली होती.