डॉ. कमल रणदिवे आणि पेशीत राहणारा जंतू



काही वर्षांपूर्वी दिलसुखनगरच्या आपल्या शाळेत एका पालकांनी मुलाची जागा बदलून मागितली. शेजारच्या मुलाच्या आजोबांना कुष्ठरोगाचे औषध चालू असल्याचे त्यांना कळले होते. औषध सुरू झाल्यावर लवकरच हा रोग पसरायचा थांबतो, हे आम्ही त्यांना समजावले. जागा बदलली नाही. डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी लिहावे, असे तेव्हापासून मनात होते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने निवडले वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र. लग्नानंतर मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या शिकल्या. (पेशी म्हणजे आम्ही हिंदीतून शिकलो ती 'कोशिका'.) परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी टिश्यू कल्चरची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली.

कुष्ठरोगाचा याच्याशी काय संबंध? पुष्कळ जंतू बशीतल्या पोषक द्रव्यावर वाढतात. कुष्ठरोगाचा जंतू तसा आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत तो शिरतो आणि त्यांना लगेच मारीत नाही. घर पडले तर राहणार कुठे? एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. रोग वर्षानुवर्षे लपून राहतो तो यामुळेच. पुढे शरीर त्याच्याशी लढू लागते, त्यात मज्जातंतूही दुखावतो आणि तव्याचा चटका हाताला कळेनासा होतो.

१९५८ साली कमलताई, खानोलकर व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांकडून घेतलेले जंतू काचेतल्या जिवंत चेतापेशींच्या सोबतीने वाढवून पाहिले. एक जंतू वाढला. तो कुष्ठरोगाचाच, असे त्यांना वाटले; नंतरच्या तपासणीत तो त्याचा भाऊबंद निघाला. पण श्रम वाया गेले नाहीत. त्याच जंतूपासून लस तयार झाली आणि तमिळनाडूतील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८२ साली कमलताईंना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. २००१ साली त्या गेल्या.

त्या आजोबांचे औषध बारा महिन्यांत पूर्ण झाले. दोन्ही मुले दहावीपर्यंत एकाच बाकावर बसली.