पंडिता रमाबाईंचा एप्रिल महिना

एप्रिलची ५ तारीख पंडिता रमाबाईंच्या मृत्यूची आणि २३ तारीख त्यांच्या जन्माची. मधल्या १६ तारखेस त्यांची एकुलती कन्या मनोरमा जन्मली.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले, व त्याबद्दल लोकांचा रोष सोसला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरे. पुढे दुष्काळाने गाठले, आणि १८७४ च्या सुमारास आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून गेली. दुष्काळ म्हणजे काय, हे चिकलठाण्याच्या रानात राबणाऱ्यांस सांगावयास नको.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ श्रीनिवास वारला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेला. पदरी दहा महिन्यांची मनोरमा होती.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ त इंग्लंडास गेल्यावर वांटेज येथे कन्येसह बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा गवगवा १८९३ त झाला, सल्लागार गृहस्थ सोडून गेले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. स्वतः उपाशी चाललेल्या बाईंस त्या मुलींची भूक ठाऊक होती. केडगावचे मुक्ति सदन यातूनच वाढले.

मात्र त्यांचे सर्वांत चिकाटीचे काम पवित्र शास्त्राचे भाषांतर होय, असे आम्हांस वाटते. प्रचलित भाषांतरातील जड संस्कृत शब्द खेड्यातील बायांस कळत नाहीत, हे पाहून त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि सोप्या मराठीत सबंध शास्त्र उतरविले. खिळे जुळविणे, छापणे ही कामे केडगावच्या स्त्रियाच करीत. जुलै १८२१ नव्हे, १९२१ मध्ये, म्हणजे काम संपत आले असता, मनोरमा वारली. तरी बाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या; सबंध ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला.